जागल

कोयनानगरच्या जुन्या क्वार्टर्समध्ये
उंबरदांडच्या एकवीस घरांना एकेक खोली मिळाली.
आमच्या खोलीत भिंतीवर
आधीच्या कुणाच्या तरी पोरांची उंची
पेन्सिलीने मोजून ठेवलेली.
धरण बांधणाऱ्यांची पोरं असतील.
मी ती पुसली नाही.
सार्थकला तिथे उभंही केलं नाही.

सार्थक माझ्या बहिणीचा.
मंदा शेळी सोडायला मागच्या पडवीत गेली
आणि डोंगर पुढच्या अंगणापर्यंत आला.
तो मला मावशी म्हणतो.
कधी चुकून आई म्हणाला
तर दोघंही ऐकलं नाही असं करतो.

दर गुरुवारी कऱ्हाडहून एसटीने यायची
रुबिना मुजावर, काखेत फॉर्मचा गठ्ठा.
झोप लागते का? हो. नाही. कधीकधी.
भूक लागते का?
केरबानाना दोन नाती सांभाळतात.
म्हणाले, लागते गं पोरी,
त्याचीच तर लाज वाटते.
तिने पेन उचललं, परत ठेवलं.
तेवढी मोठी चौकट कागदावर नव्हती.

पुढच्या गुरुवारी ती सूप मागून घेऊन
आमच्यातच बसली, रेशनचा तांदूळ निवडत.
हात कामात असले
की जीभ आपोआप सैल होते.
शेवंताची पोर भरलेलं दप्तर
कमरेला बांधून झोपते, हे तिथेच कळलं.
नानांची धाकटी पत्र्यावर चिंच पडली तरी
दारात जाऊन बसते.
मग मी बोलले,
तीन महिने कुणाला न सांगितलेलं:
आमचा चपला घालून झोपतो.
काढल्या तर अंधारात चाचपतो, घालतो, पुन्हा झोपतो.
मी ओरडते. अंथरूण मळतं म्हणून ओरडते.
मंदाला जमलं असतं, मला येत नाही.

पाखडणं थांबलं.
डोळ्याला पदर कुणी लावला नाही.
शेवंताने विचारलं,
आधी कुठल्या पायात घालतो गं?
आणि काय झालं कोण जाणे,
आम्ही हसत सुटलो, नानासुद्धा.

हौसाक्का तेवढी हसली नाही.
नऊ वर्षांची होती
तेव्हा धरणाच्या पाण्याने उठवलं तिला,
आता सत्तरीत डोंगराने.
म्हणाली, रानडुकरं यायची
तेव्हा पिकाला काय सांगत होतो, भिऊ नको म्हणून?
माळ्यावर माणूस बसवत होतो.
जागल करायचो.

तक्ता पोरांनी लिहिला, खडूने, पाण्याच्या टाकीवर.
त्यामुळे शुक्रवारपुढे माझं नाव नाही,
नुसतं 'मावशी'.
जागणाऱ्याने तासातासाला बॅटरी घेऊन फिरायचं.
आतून पोराने 'कोण?' विचारलं
तर नाव सांगायचं.
'झोप आता' म्हणायचं नाही.

पहिल्या रात्री बबन शेलार होता,
दरड आल्यापासून मान हलवण्यापलीकडे न बोललेला.
पोरांनी त्याला सारखं विचारलं.
कोण? बबन. कोण? बबन शेलार.
कोण? अरे मीच, बबन.
सकाळी घसा बसलेला,
तरी चहाच्या रांगेत तोच जास्त बोलत होता.

परवा शुक्रवार. पाऊण वाजला असेल,
भांडी किणकिणली.
इथली जमीन अशी अधूनमधून कूस बदलते.
मी भिंतीला हात लावून उभी राहिले,
स्वतःचंच काळीज ऐकत.
आतून आलं: कोण?
मी.
मी कोण?
मावशी.
बराच वेळ काही नाही.
मग: बॅटरीचे सेल आहेत ना?
आहेत.

तिसऱ्या फेरीला उजेड आत टाकला.
एक चप्पल पायात होती,
दुसरी अंथरुणाबाहेर, उलटी.
उलटी चप्पल घरात भांडण लावते म्हणतात.
वाकले होते सरळ करायला.
नाही केली.
पुढच्या दारावर शेवंताची पोर
विचारत होती.